कुंपणाला झुडपे लावावीत की वेल चढवावेत?

मृगाचा पाऊस झाला की परसात भाजीपाल्याची लगबग सुरू होते. घरातली बाई चार वाफे करते, भेंडी-गवार टोचते, मिरची-वांग्याची रोपे लावते. पंधरा-वीस दिवसांत वाफे हिरवे दिसू लागतात. आणि मग एका सकाळी दार उघडावे तो काय, शेजारच्या दोन शेळ्या आणि त्यांची करडे आत! मिरचीचे शेंडे गेलेले, गवारीचे नुसते दांडे उरलेले. महिन्याची मेहनत घटकेत संपते. मग शेळीवाल्याशी बोलाचाली होते आणि चार दिवस दोन घरांत अबोला राहतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, दोष शेळीला देऊन भागत नाही. हिरवे दिसले की खायचे हा तिचा धर्मच आहे. दोष असतो तो आपल्या कुंपणाचा. तारेची जाळी आणि सिमेंटचे खांब घालावेत तर खर्च मोठा. दर वर्षी काट्या तोडून आणून लावाव्यात तर त्यांना वाळवी लागते, आणि उन्हाळ्यात चुलीला काही नसले की आपणच त्या ओढून जाळतो. म्हणून जिवंत कुंपण करावे असे बहुतेकांच्या मनात येते. पण तिथे दोन मते पडतात. घरधनी म्हणतो, करवंद नाहीतर मेंदी दाट लावू, कायमची काळजी मिटेल. घरधनीण म्हणते, तेवढ्याच जागेत दोडका, कारली, तोंडली चढवू, निदान भाजी तरी निघेल.

दोघांचेही खरे आहे. पण दोघे दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

झुडूप राखण करते, वेल पिकवतो

पहिली गोष्ट ही की वेल म्हणजे कुंपण नव्हे. वेलाला स्वतःलाच आधार लागतो. तार, कामट्या किंवा खांब असतील तरच तो उभा राहतो, आणि शेळीला दोडक्याचा किंवा वालाचा पाला तर फारच आवडतो. म्हणजे उघड्या रस्त्याच्या बाजूला नुसता वेल चढवणे म्हणजे शेळीला बाहेरच्या बाहेर पान वाढण्यासारखेच आहे.

दुसरी गोष्ट ही की झुडूप राखण करते, पण ते ताबडतोब करत नाही. आज लावलेले करवंद किंवा मेंदी जनावर अडवण्याइतकी दाट व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. तोवर त्यालाच राखावे लागते. शिवाय ते जागा घेते, पाणी घेते, सावली टाकते, आणि दर वर्षी कोयता मागते.

तेव्हा "झुडूप की वेल" असा सरसकट प्रश्न विचारूच नये. परसाच्या चारही बाजूंना फिरून एकेका बाजूला विचारावे, "बाई गं, तुझे काम काय? जनावर अडवायचे, वारा अडवायचा, की नुसती हद्द दाखवायची?" उत्तर मिळाले की निवड आपोआप होते.

एका गुंठ्याचा हिशेब

आपल्याकडे घराच्या मागे गुंठाभर जागा असेल असे धरू. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, सुमारे १,०८९ चौरस फूट. तिच्या चारही बाजूंनी आपण हौसेने झुडपांचे कुंपण केले. छाटून राखले तरी ते तीन फूट रुंद होते. त्याच्या आत आणखी दोन फुटांपर्यंत त्याची मुळे पसरतात, आणि तिथली मेथी-कोथिंबीर खुरटी राहते. म्हणजे प्रत्येक बाजूचे पाच फूट गेले. उरली तेवीस फूट बाय तेवीस फूट जागा, म्हणजे ५२९ चौरस फूट. निम्मी परसबाग कुंपणाच्या पोटात गेली!

"कुंपणानेच शेत खाल्ले" असे आपण म्हणतो ते माणसांविषयी. पण परसात ते अक्षरशः खरे होते.

वेलाला मात्र फूटभर पट्टी पुरते, कारण तो वर वाढतो. चारही बाजूंना वेल केले तर आत ९६१ चौरस फूट जागा राहते. पण ती राखणार कोण, हा प्रश्न उरतोच.

पाण्याचेही तसेच आहे. दोन फुटांवर एक रोप धरले तर गुंठ्याच्या चारही बाजूंना सासष्ट रोपे बसतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत प्रत्येक रोपाला दर चार-पाच दिवसांनी दोन लिटर पाणी द्यायचे तर सव्वाशे-दीडशे लिटर लागते, म्हणजे आठ-दहा घागरी. ज्या घरात पाणी डोक्यावरून येते, तिथे हा हिशेब घरधन्याने आधी घरात विचारून करावा. एकाच बाजूला झुडपे लावली तर दोन-अडीच घागरींत काम होते आणि न्हाणीच्या व मोरीच्या पाण्यावरही ती जगतात.

कोणत्या दिशेला काय

महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात भर दुपारीदेखील पाच फूट उंचीचे कुंपण सुमारे साडेचार फूट लांब सावली उत्तरेकडे टाकते. सकाळ-संध्याकाळी ती याहून लांब असते. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो हे नेमके त्याच दिवसांत असतात. म्हणून परसाच्या दक्षिणेला उंच झुडूपही नको आणि उंच मांडवही नको. तिथे कंबरेइतके छाटलेले ठेंगणे कुंपण पुरे.

उत्तरेची बाजू वेलाची. तिथे सहा फुटी वेल उभे केले तरी त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही, बाहेर पडते. शिवाय वेलाच्या अंगावर दक्षिणेचे ऊन दिवसभर येते. फुले-फळे भरपूर धरायला हेच पाहिजे.

पश्चिमेची बाजू झुडपाची. पावसाळी वारे आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतात. उघडा मांडव या वाऱ्यात लोळतो. दाट झुडूप मात्र वाऱ्याचा जोर मोडते, आणि भिंतीसारखे ते वारा उसळवत नाही. उन्हाळ्यात दुपारनंतरचे कडक ऊनही हीच बाजू अडवते.

पूर्वेकडून सकाळचे कोवळे ऊन येते, तेव्हा ती बाजू शक्यतो मोकळी ठेवावी.

याला एकच अपवाद आहे. ज्या बाजूने रस्ता किंवा गुरांची वाट जाते, ती बाजू कोणत्याही दिशेची असो, तिथे काटेरी झुडूपच पाहिजे. ती बाजू दक्षिणेची असेल तर उंची साडेतीन-चार फुटांवर राखावी आणि वाफे चार फूट मागे घ्यावेत.

झुडपे कोणती?

करवंद हे परसासाठी सर्वांत गुणी झुडूप आहे. काटा दुहेरी, पान बारमाही हिरवे, आणि कमी पाण्यावर जगणारे. लावल्यापासून तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ धरू लागते. कच्च्या करवंदाचे लोणचे होते, पिकलेल्याचे सरबत आणि मुरंबा. पिकलेल्या फळाचे बी ताजे असतानाच पिशवीत पेरावे. जुने झाले की उगवण घटते. वर्षाचे रोप पुढच्या पावसाळ्याच्या आरंभी लावावे.

मेंदी कमी पावसाच्या गावांना चांगली. फाटे लावून येते, छाटणी कितीही सोसते. पानांचा उपयोग घरातल्या मुली सांगतीलच.

अडुळसा आणि निर्गुडी यांना काटा नाही, पण गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. दोन्ही फाट्यांवर येतात. शेजाऱ्याच्या हद्दीकडे, जिथे पोरेबाळे खेळतात, तिथे ही बरी.

सागरगोटा आणि चिल्हार यांचे काटे इतके जहाल की घरच्या माणसालाही छाटणी करवत नाही. ती लांबच्या शेताला ठीक, परसाला नकोत. घायपातही शेताच्या बांधावर शोभते. तिच्या पानाचे टोक लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येते, हे विसरू नये.

छाटणी हेच खरे कुंपण

झुडपे लावून फसलेले बहुतेक लोक एकाच ठिकाणी चुकतात. रोप जोमाने वर जाऊ लागले की त्यांना आनंद होतो आणि ते कोयता लावत नाहीत. मग वरती छत्री होते आणि खाली नुसते खोड राहते. त्या फटीतून करडू जाते, कोंबडी जाते, कुत्रे जाते.

म्हणून रोप दीड फुटाचे झाले की ते फुटावर खुडावे. जीव हळहळतो, पण खुडावेच. त्यामुळे बुडातून चार-पाच फुटवे येतात. पुन्हा वीतभर वाढले की पुन्हा शेंडे मारावेत. कुंपणाचा आकार नेहमी खाली रुंद आणि वर निमुळता ठेवावा, म्हणजे बुडाच्या पानांना ऊन मिळते. मध्ये रोप मेले असेल तर शेजारच्या रोपाची खालची फांदी वाकवून मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. पावसाळ्यात ती मूळ धरते आणि भगदाड भरते.

कुंपणात सापकिरडू राहते अशी भीती अनेकांना वाटते. ती अगदी खोटी नाही. साप येतो तो आडोशाला आणि उंदरांच्या मागे. म्हणून कुंपणाच्या आतल्या अंगाला दीड फूट पट्टी झाडून स्वच्छ ठेवावी, बुडाशी पालापाचोळा आणि दगडगोट्यांचा ढीग करू नये. त्याच पट्टीतून छाटणीलाही उभे राहता येते.

वेल कोणते आणि कसे?

उत्तरेच्या बाजूला आठ-दहा फुटांवर एक खांब रोवावा. खांब आठ फुटी, त्यातले दोन फूट जमिनीत. दीड, तीन आणि साडेचार फुटांवर आणि अगदी वर अशा चार तारा ओढाव्यात. तार नसेल तर बांबूच्या कामट्या आडव्या बांधाव्यात.

सुका खांब दोन-तीन पावसाळ्यांत बुडाशी कुजतो. त्याऐवजी गिरीपुष्पाचे मनगटाएवढे जाड फाटे पावसाळ्याच्या तोंडाला रोवले तर खांबच जिवंत होतो. मिरजेकडच्या पानमळ्यांत शेवगा, शेवरी, हादगा, पांगारा यांच्या अंगावर नागवेल चढवतात, तीच ही युक्ती. मात्र पानमळेवाला त्या झाडांची सावली हाताने आवरतो, तसेच आपणही करावे. गिरीपुष्पाच्या फांद्या वर्षातून दोन-तीनदा छाटाव्यात आणि पाला वेलांच्या आळ्यात टाकावा. या पाल्यात नत्र चांगले असते आणि तो लवकर कुजतो. त्याच्या बिया मात्र पोरांच्या हाती लागू देऊ नयेत, त्या विषारी आहेत.

वेलांत दोडका, घोसाळी, कारली, दुधी हे जून-जुलैत लावले की दीड-दोन महिन्यांत भाजी सुरू होते. पाण्याची सोय असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतही लावता येतात. वाल पावसाळ्यात लावला तरी शेंगा थंडी पडल्यावरच देतो, म्हणून नुसती पाने वाढली तरी घाईने उपटू नये. तोंडली एकदा लावली की तीन-चार वर्षे राहते. ती बियांपासून करू नये, भरपूर फळे देणाऱ्या वेलाचे फाटे आणून लावावेत. बियांच्या रोपांत नर वेल बरेच निघतात आणि ते फळ देत नाहीत. न्हाणीच्या पाण्याजवळ मायाळू लावावी. पानांची भाजीही होते आणि भजीही. एका टोकाला गोकर्णीचे दोन वेल लावावेत, देवाला फुले होतात.

वेल कोंदट झाले की पानांवर भुरी येते. तेव्हा बुडाची पिवळी पाने काढून वारा खेळता ठेवावा. काकडी-कारल्याच्या जातीला फळमाशीचा त्रास फार. डंख मारलेली, वाकडी, कुजकी फळे तिथेच टाकू नयेत, खोल खड्ड्यात पुरावीत. क्यू-ल्युअरचा गंधसापळा मांडवाला टांगला तर माशीचे नर अडकतात आणि विषारी फवारा वाचतो.

दोन्हींचा मेळ, पण एकमेकांवर नव्हे

आता कुणी म्हणेल, मग झुडपावरच वेल चढवला तर? राखणही होईल आणि भाजीही मिळेल. हा मोह आम्हालाही झाला होता. करवंदाची रोपे दोन वर्षांची होती, शेजारी घोसाळीचा वेल आपसूक उगवला होता. चढतो आहे तर चढू दे, म्हणून सोडला. पावसाळाभर घोसाळी पोटभर खाल्ली, शेजारीपाजारीही दिली. दिवाळीत वेल ओढून काढला तेव्हा खालची सात रोपे पानांवाचून पिवळी पडलेली होती. चार मेली. कुंपणातले ते भगदाड आजही आम्ही काट्या घालून बुजवतो. घोसाळी चार महिन्यांची होती, भगदाड मात्र कायमचे झाले.

तेव्हा झुडपाच्या ओळीवर वेल जाऊ देऊ नये. गुळवेल तर दिसताक्षणी उतरवून दुसऱ्या झाडाकडे वळवावा. तो वर्षानुवर्षे राहतो आणि खालचे झुडूप दडपून टाकतो.

मेळ घालायचा तो असा. पहिल्या पावसाळ्यात रस्त्याच्या बाजूला बाहेरून सुक्या काट्या, आणि त्यांच्या आत दीड-दोन फुटांवर करवंदाची ओळ. त्याच पावसाळ्यात उत्तरेला गिरीपुष्पाचे फाटे आणि कामट्यांवर वेल. पहिल्याच वर्षी भाजी मिळू लागते, त्यामुळे घरातल्यांचा धीर टिकतो. दुसऱ्या वर्षी काट्यांची डागडुजी आणि झुडपांची खुडणी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झुडूप दाट झाले की काट्या काढून चुलीत घालाव्यात. तोवर नाही.

सुक्या काट्यांच्या भरवशावर कायमचे राहता येत नाही, हे इंग्रज सरकारलाही कळले होते. मिठावरचा कर चुकू नये म्हणून त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून पार बऱ्हाणपूरपर्यंत कुंपण घातले होते. आधी ते सुक्या काट्यांचे होते. वाळवी, वणवा आणि वादळ यांनी ते दर वर्षी मोडे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम तेव्हा, १८६७ नंतर, त्या खात्याचे प्रमुख होते. त्यांनी बाभूळ, करवंद, निवडुंग अशी जिवंत झाडे लावण्यावर भर दिला. १८७९ साली ती नाकेबंदी उठली. जुलमाचे ते कुंपण गेले हे चांगलेच झाले, पण काट्यांचा धडा खरा आहे.

ही झाडे परसात नकोत

शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. कण्हेरीचे सर्व भाग विषारी. मोगली एरंड, म्हणजेच चंद्रज्योत, २००३ नंतर बायोडिझेलच्या आशेने अनेक ठिकाणी लावला गेला. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवीला लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या आणि विषबाधा झाली, असे महाराष्ट्रात वारंवार घडले आहे. घाणेरी तर कुंपणापुरती राहतच नाही. पाखरे तिचे बी नेतात आणि ती बांध, गायरान, डोंगर सगळे व्यापते.

शेजाऱ्याची बाजू

शेवटी एक नाजूक गोष्ट. परसाचे कुंपण पुष्कळदा भावाच्या किंवा चुलतभावाच्या हद्दीवर असते. झुडूप दर वर्षी चार बोटे पुढे सरकते, आणि दहा वर्षांनी कोर्टाची पायरी येते. म्हणून झुडूप हद्दीवर लावू नये, हद्दीच्या आत किमान दोन फूट लावावे, म्हणजे पलीकडची छाटणीही आपल्याच जमिनीत उभे राहून करता येते. हद्दीबद्दलच शंका असेल तर आधी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, मग रोप लावावे. मोजणी व्हायची असेल तोवर त्या बाजूला वेलच बरा. हंगाम संपला की तो निघतो, मागे हक्काची भाषा ठेवत नाही.

आणि वेलाचा आणखी एक गुण आहे. त्याला हद्द कळत नाही. आपण लावलेला दोडका पलीकडे जाऊन लोंबतो. ते दोडके मोजत बसू नये. पलीकडच्या वहिनीला हाक मारून सांगावे, "तुमच्या बाजूचे तुम्ही तोडा." ज्या घराशी भाजीची देवघेव आहे, त्या घरची शेळी आपल्या परसात शिरली तरी हाकलायला पहिले माणूस त्याच घरातून धावते. रस्त्याकडे करवंदाचा काटा असावा आणि शेजाराकडे दोडक्याचा वेल. यंदाच्या मृगाआधी परसाला एक फेरी मारा, चारही बाजू नीट पाहा, आणि घरात दोघांनी बसून ठरवा.